लग्नाआधीची तपासणी: आधी तारीख, मग रक्त

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

लग्न ठरल्यावर काही मुलामुलींना एक धास्ती घेरते आणि ती कुणाजवळ बोलण्याची सोय नसते. पूर्वी कधीतरी आलेला संबंध, फाटलेला कंडोम, त्यानंतर महिन्याभराने उठलेलं पुरळ, किंवा होणाऱ्या जोडीदाराच्या आधीच्या नात्याविषयीची शंका. मला काही लागलेलं असेल का आणि माझ्यापासून त्या माणसाला लागेल का, या विचाराने झोप उडते. अशांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: एकदा सगळ्या टेस्ट करून टाक. या सल्ल्यात कमतरता अशी, की कोणती टेस्ट, संबंधानंतर कितव्या दिवशी आणि रिपोर्ट आल्यावर थांबायचं कुठे, हे त्यात नसतं. मग माणूस चौथ्या दिवशी एचआयव्हीची टेस्ट करतो, निगेटिव्ह रिपोर्टवर त्याचा विश्वास बसत नाही, आणि तो दर आठवड्याला रक्त देत राहतो. लैंगिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे आम्ही काही डॉक्टर आणि समुपदेशक या पत्रातून तो राहून गेलेला तपशील मांडत आहोत.

सुरुवात लॅबमध्ये न करता कागदावर करावी. शेवटचा जोखमीचा संबंध कोणत्या तारखेला आला, तो योनिमार्गाने, गुदमार्गाने की मुखाने, कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता का, हे लिहावं. कधी रक्त चढवलं होतं का, दुसऱ्याने वापरलेली सुई टोचली होती का, टॅटू कुठे आणि कसा काढला, कावीळ ब (हिपॅटायटिस बी) ची लस झाली आहे का, हेही लिहावं. हा कागद कुणाला दाखवायचा नसतो, डॉक्टरांसमोर आठवताना गडबड होऊ नये म्हणून असतो. लिहिताना बऱ्याच भीत्या तिथेच गळून पडतात, कारण ज्याची भीती वाटते तो संबंध जोखमीचा नव्हताच असं दिसतं. मिठी मारणं, एकाच ताटात जेवणं, सार्वजनिक शौचालय, पोहण्याचा तलाव, डास, यांतून एचआयव्ही लागत नाही. कपड्यांवरून झालेल्या स्पर्शातूनही लागत नाही. मुखमैथुनातून एचआयव्हीचा धोका फार कमी, पण परमा (गनोरिया) आणि गरमी (सिफिलिस) मात्र त्या मार्गाने सहज लागतात. कंडोम एचआयव्ही आणि परम्यासाठी फार चांगला अडसर आहे. हर्पिस (पाण्याने भरलेले फोड आणणारा विषाणू), गरमीचा चट्टा आणि एचपीव्ही (चामखीळ आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू) हे कंडोमने न झाकलेल्या त्वचेवरही असू शकतात, म्हणून त्यांच्यापासून मिळणारं संरक्षण अपुरं राहतं.

कागदावरची तारीख गेल्या ७२ तासांतली असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालयात जावं. एचआयव्ही होऊ नये म्हणून संबंधानंतर घ्यायच्या गोळ्या, ज्यांना पीईपी म्हणतात, ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस न चुकवता घ्याव्या लागतात. जितक्या लवकर तितका उपयोग जास्त. 'उद्या बघू' म्हणण्यात जातो तो वेळ परत मिळत नाही. कावीळ ब ची लस झालेली नसेल तर तीही त्याच वेळी सुरू करून घ्यावी.

तारीख त्याहून जुनी असेल तर घाई नसते, दिवस मोजायचे असतात. संसर्ग झाल्यापासून तो टेस्टमध्ये दिसेपर्यंत मधे जो काळ जातो, त्याला विंडो पीरियड म्हणतात. एचआयव्हीच्या बाबतीत शरीरात आधी विषाणूचा स्वतःचा पी-२४ नावाचा भाग दिसतो आणि मग शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी दिसतात. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची टेस्ट दोन्ही शोधते, म्हणून ४५ दिवसांनंतरचा तिचा निगेटिव्ह रिपोर्ट पक्का मानता येतो. बोट टोचून केलेल्या रॅपिड टेस्टसाठी आणि फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्टसाठी ९० दिवस धरावेत. पीईपी घेतलं असेल तर दिवस संबंधापासून न मोजता गोळ्या संपल्यापासून मोजावेत. लॅबला विचारायचा प्रश्न एकच: 'ही टेस्ट अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही बघते का?' रिपोर्टवर पद्धत छापलेली असते, तीही वाचून घ्यावी.

गरमीचा चट्टा संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. तो दुखत नाही आणि उपचार न करताही तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. इथेच फसगत होते, कारण चट्टा गेला तरी जंतू गेलेला नसतो. रक्तातली टेस्ट पॉझिटिव्ह व्हायला चट्ट्यानंतरही एकदोन आठवडे लागू शकतात, त्यामुळे अखेरची टेस्ट १२ आठवड्यांनी. कावीळ ब साठी एचबीएसएजी ही टेस्ट करतात. ती बहुतेकांमध्ये पहिल्या दोन महिन्यांतच दिसू लागते, तरी तीही १२ आठवड्यांच्या टप्प्यावर केली की प्रश्न मिटतो. एचबीएसएजी एकटी न करता सोबत अँटी-एचबीएस (संरक्षण देणाऱ्या अँटिबॉडीची टेस्ट) आणि अँटी-एचबीसी टोटल (कधीतरी संसर्ग झाल्याची खूण दाखवणारी टेस्ट) करावी. आज संसर्ग आहे, पूर्वी होऊन गेला की लसीने संरक्षण मिळालं आहे, हे तिघींच्या एकत्र वाचनातूनच कळतं. कावीळ क ची टेस्ट विशेषतः रक्त किंवा सुईची जोखीम असलेल्यांनी करावी.

क्लॅमिडिया आणि परमा यांचं तर लग्नाआधीच्या चकचकीत पॅकेजमध्ये अनेकदा नावच नसतं, आणि आमच्या मते ही त्या पॅकेजमधली सर्वांत मोठी उणीव आहे. हे दोन्ही संसर्ग रक्तात शोधायचे नसतात. पुरुषांमध्ये लघवी आणि स्त्रियांमध्ये योनीतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना लागतो, आणि त्यावर नॅट नावाची जनुकीय तपासणी होते. संबंधानंतर दोन आठवड्यांनी ती करता येते. नमुना देताना होणारी चूक अशी. साध्या लघवी कल्चरसाठी मधल्या धारेची लघवी द्यायला सांगतात आणि लोक सवयीने तीच देतात. नॅटसाठी मात्र अगदी पहिल्या धारेची २० ते ३० मिलिलिटर लघवी हवी, आणि त्याआधी किमान एक तास लघवीला गेलेलं नसावं. डबी काठोकाठ भरली की नमुना पातळ होतो आणि असलेला जंतूही हातून निसटतो. आधी जागा डेटॉलने किंवा साबणाने घासून येऊ नये. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झालं असेल तर घशाचा आणि गुदाचा नमुना वेगळा द्यावा लागतो, कारण लघवीत तिथला संसर्ग दिसत नाही. क्लॅमिडिया बहुतेक स्त्रियांमध्ये आणि अनेक पुरुषांमध्ये काहीच लक्षण देत नाही. तो दुर्लक्षित राहिला तर गर्भनलिकांना इजा होऊन पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, आणि उपचार मात्र आठवड्याभराच्या गोळ्यांचा असतो.

म्हणजे शेवटच्या संबंधाला तीन महिने उलटून गेले असतील तर एका दिवशी एकदाच दिलेलं रक्त आणि लघवी पुरते. त्यानंतर नवी जोखीम घडलेली नसेल तर टेस्ट पुन्हा करण्याचं कारण उरत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने, लग्नाच्या आदल्या आठवड्यात 'खात्रीसाठी' केलेली टेस्ट नवीन काही सांगत नाही. लग्न जवळ असेल आणि जोखीम अलीकडची असेल, तर दोन आठवड्यांनी नॅट, ४५ दिवसांनी एचआयव्ही आणि १२ आठवड्यांनी उरलेल्या, असे टप्पे करावेत आणि तोवर कंडोम वापरावा. कावीळ ब ची लस ०, १ आणि ६ महिने अशी तीन डोसांत होते, म्हणून ती लवकर सुरू केलेली बरी.

काही टेस्ट करू नयेत, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. लक्षण नसताना हर्पिसची रक्ततपासणी करण्यातून हाती येतो तो बहुधा गोंधळच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या दर तिघांपैकी सुमारे दोघांच्या शरीरात हर्पिसचा पहिला प्रकार असतो, आणि तो बहुधा लहानपणीच, घरातल्यांच्या साध्या चुंबनातून आलेला असतो. हर्पिसची आयजीएम (संसर्गाच्या सुरुवातीला बनणाऱ्या अँटिबॉडीची) टेस्ट नवा आणि जुना संसर्ग ओळखायला विश्वासार्ह नाही. हर्पिसच्या दुसऱ्या प्रकाराच्या आयजीजीचा (नंतर टिकून राहणाऱ्या अँटिबॉडीचा) आकडा १.१ ते ३ यांच्यामध्ये आला तर तो अनेकदा खोटा पॉझिटिव्ह असतो. चट्टा किंवा पाण्याने भरलेली फोडं असतील तर त्यातला द्रव ताजा असताना तपासावा, ती खरी टेस्ट. टॉर्च नावाचा, गर्भाला इजा करू शकणाऱ्या संसर्गांच्या टेस्टचा संच लग्नाआधी कुणालाही सरसकट लागत नाही. लक्षण नसताना केलेल्या, एकाच नमुन्यात अनेक जंतूंची जनुकं शोधणाऱ्या मोठ्या पीसीआर पॅनलमध्ये युरियाप्लाझ्मासारखे जंतू सापडतात. ते निरोगी माणसांतही राहतात, तरी त्यांच्या नावाने महिनोन्‌महिने अँटिबायोटिक खाणारे लोक आहेत. पुरुषांसाठी एचपीव्हीची मान्यताप्राप्त टेस्ट नाही. तो विषाणू बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत निघून जातो. एचपीव्हीसाठी उपयोगाची आहे ती लस, आणि स्त्रियांनी योग्य वयापासून नियमित करायची गर्भाशयमुखाची तपासणी.

टेस्टच्या आधी 'असू देत' म्हणून मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांनी नुकसान होतं. अर्धवट अँटिबायोटिकने परम्याचा जंतू मरत नाही, स्राव तेवढा कमी होतो, आणि गरमीच्या टेस्टचं चित्र धूसर होतं.

आता रिपोर्ट कसा वाचावा. 'रिअॅक्टिव्ह' हा शब्द दिसला म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही. समजा एखाद्या गावातल्या १०,००० लोकांपैकी १० जणांना एखादा संसर्ग आहे, आणि टेस्ट इतकी चांगली आहे की निरोगी असलेल्या दर हजारांत पाचच जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. तरीही जवळपास ५० निरोगी माणसांचा रिपोर्ट रिअॅक्टिव्ह येईल, म्हणजे खऱ्या दहांच्या पाचपट. म्हणूनच एचआयव्हीचं निदान एका टेस्टवर करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने एकामागोमाग तीन वेगवेगळ्या टेस्ट रिअॅक्टिव्ह असण्याची शिफारस केली आहे. गरमीसाठीची व्हीडीआरएल टेस्ट गरोदरपणात, काही संधिवातासारख्या आजारांत, मलेरियासारख्या तापानंतरही हलकीशी पॉझिटिव्ह येते, बहुधा १:८ किंवा त्याहून खाली (रक्त किती पट पातळ केलं तरी टेस्ट पॉझिटिव्ह येते, ते हा आकडा सांगतो). ती पॉझिटिव्ह आली तर टीपीएचए ही गरमीचीच दुसरी, जास्त नेमकी टेस्ट करून पडताळायचं. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की उपचारानंतरही बहुतेकांमध्ये आयुष्यभर तशीच राहते, त्यामुळे पूर्वी बरे झालेल्यांनी ती पुन्हा करून घाबरू नये. उपचार लागू पडला की नाही हे व्हीडीआरएलचा आकडा चौपट खाली आला का, १:३२ वरून १:८ वर, यावरून ठरतं. कावीळ ब ची लस घेतल्यावर अठरा दिवसांपर्यंत एचबीएसएजी लसीमुळेच पॉझिटिव्ह दिसू शकते, म्हणून टेस्ट आधी आणि लस नंतर. आणि परम्याची किंवा क्लॅमिडियाची नॅट उपचारानंतर चार आठवड्यांच्या आत पुन्हा केली तर मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळे ती पॉझिटिव्ह दिसू शकते.

खरंच काही निघालं तर? लवकर सापडलेल्या गरमीला बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एकदाच दिलेलं इंजेक्शन पुरतं. जुनी असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. पहिल्या इंजेक्शननंतर चोवीस तासांत ताप आणि अंगदुखी येऊ शकते, ती मरणाऱ्या जंतूंमुळे असते, तिला अॅलर्जी समजून पुढचा उपचार सोडू नये. परम्याला सेफ्ट्रिअॅक्झोनचं एक इंजेक्शन, क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस, हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उपचार दोघांचा एकाच वेळी व्हावा आणि संपल्यानंतर सात दिवस संबंध टाळावा. तसं झालं नाही तर एकाकडून दुसऱ्याकडे तोच जंतू फिरत राहतो. कावीळ क आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. एचआयव्ही पूर्ण बरा होत नाही, पण नियमित औषधाने रक्तातला विषाणू मिलिलिटरमागे २०० कॉपींच्या खाली राहिला तर संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. एचआयव्हीसह जगणारी माणसं लग्न करतात, त्यांना निरोगी मुलं होतात. हे वाक्य छापील अक्षरांत जितक्या वेळा येईल तितकं थोडंच.

एका गोष्टीबद्दल आमचं मत अगदी स्पष्ट आहे. रिपोर्टवरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नये, कारण ते सांगण्याची ताकद रिपोर्टमध्ये नसते. कावीळ ब पुष्कळांना जन्माच्या वेळी आईकडून आलेली असते. एचपीव्ही वर्षानुवर्षं गप्प राहून नंतर दिसतो. स्त्रियांना होणारी कँडिडाची खाज किंवा लघवीचा जंतुसंसर्ग यांना तर लैंगिक आजार म्हणतच नाहीत. संसर्ग कधी आणि कुणाकडून आला हे बहुतेक टेस्ट सांगूच शकत नाहीत.

टेस्ट निगेटिव्ह आली, दिवस पूर्ण झाले, तरी भीती जात नसेल, तर उपचार त्या भीतीचा करायचा असतो, आणि तोही तितकाच खरा उपचार आहे. चिंतेमुळे वारंवार लघवी लागते, तोंड कोरडं पडतं, जुलाब होतात, हातापायांना मुंग्या येतात, रात्री घाम फुटतो, ताठरता येत नाही. एचआयव्हीची लक्षणं शोधणाऱ्याला यातलं प्रत्येक लक्षण पुरावा वाटतं. त्यात शरीराची रोजची तपासणी सुरू झाली की ती स्वतःच लक्षणं तयार करते. जांघेतल्या आणि मानेतल्या गाठी दिवसातून वीसदा चाचपल्या की दुखू लागतात. स्राव येतोय का हे बघायला लिंग पिळत राहिलं की मूत्रमार्ग चिडतो आणि खरंच ओलावा दिसतो. शिश्नाच्या टोकाकडच्या बोंडाच्या कडेला ओळीने असलेले बारीक मोत्यासारखे दाणे, ओठांवरचे किंवा गुप्तांगावरचे पिवळसर ठिपके, दाढी केल्यासारखे केस काढल्यावर उठलेल्या पुटकुळ्या, हे सगळं निरोगी शरीरात असतं. त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवावं, मोबाइलच्या फोटोंशी ताडून पाहू नये.

हे थांबवण्याची पद्धत अशी. शेवटची टेस्ट कोणती आणि कोणत्या तारखेची, हे आधीच ठरवून डॉक्टरांच्या हाताने कागदावर लिहून घ्यावं. डॉक्टर एकच ठेवावा, दर वेळी नवा नको. शरीर तपासण्याची किंवा इंटरनेटवर शोधण्याची ओढ आली की घड्याळ बघून पंधरा मिनिटं पुढे ढकलावी, मग अर्धा तास, मग एक तास. ओढ विरोध केल्याने जात नाही, वाट पाहिल्याने ओसरते, आणि ती ओसरते हे अंगाला कळणं हाच यातला गाभा आहे. सुरुवातीला एकदोन आठवडे अस्वस्थता वाढेल, त्याला पद्धत चुकली असं समजू नये. काळजीसाठी संध्याकाळची वीस मिनिटं राखून ठेवावीत, दिवसभरात आलेला विचार त्या वेळेसाठी वहीत लिहून ठेवावा. छातीत धडधड वाढली तर चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. आणि जवळच्या मित्राला रोज 'मला काही होणार नाही ना?' विचारणं बंद करावं. मित्रांनीही प्रेमापोटी रोज हमी देऊ नये. त्या हमीचा परिणाम तासाभरात उतरतो आणि पुढच्या वेळी ती जास्त लागते.

महिनाभरात फरक पडला नाही, कामात लक्ष लागेना, लग्न मोडावं असं वाटू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. वर्तनोपचाराच्या साधारण १२ ते १६ बैठका आणि गरज असल्यास चिंता आणि नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातली गोळी, असा उपचार असतो. या गोळीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत मळमळ किंवा बेचैनी होते. वीर्यपतनाला उशीर होणं किंवा इच्छा कमी होणं हा तिचा ज्ञात दुष्परिणाम आहे. लग्नाच्या तोंडावर हे आधी सांगितलं नाही तर माणूस त्यालाही नवा आजार समजतो. त्रास झाला तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलतात, आपणहून एकदम बंद करू नये. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं आणि कुणाला तरी सोबत न्यावं.

जोडीदाराशी बोलायचं ते टेस्टच्या आधी, आणि दोघांच्या तपासणीबद्दल. एकट्या मुलीची किंवा एकट्या मुलाची टेस्ट मागणं अपमानास्पद आहे आणि वैद्यकीयदृष्ट्या निरुपयोगीही आहे. दोघांनी एकाच डॉक्टरकडे जावं. आधी प्रत्येकाने आपली माहिती एकांतात सांगावी, तिथे आईवडील किंवा मध्यस्थ नसावेत. रिपोर्ट प्रत्येकाच्या स्वतःच्या हाती यावा आणि त्यातलं काय सांगायचं ते त्याने स्वतः सांगावं. व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचे फोटो फिरवू नयेत. सांगायची वेळ आली तर काय निघालं, त्यावर उपचार काय आहे आणि दुसऱ्याने आता काय करायचं, या क्रमाने सांगावं. कावीळ ब निघाली असेल तर दुसऱ्याचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएससाठीचं रक्त त्याच दिवशी घ्यावं आणि संरक्षण नसल्यास लसीचा पहिला डोस तिथेच द्यावा. लस लागू पडून अँटी-एचबीएसचा आकडा १० च्या वर गेल्याची खात्री तिसऱ्या डोसनंतर एकदोन महिन्यांनी करावी, आणि तोवर कंडोम वापरावा.

आपले,
लैंगिक आरोग्य क्षेत्रातील काही डॉक्टर व समुपदेशक